गाडी एका बाजूला का ओढते

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार.

एरवी मी फोनच करतो, पण हल्ली तुमच्याकडे फोन कोण उचलेल याचा भरवसा नाही, म्हणून लेखणी उचलली. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? (नसेल, तर मी पाठवलेलं काळं औषध बंद करा. ते गुडघ्याचं होतं.) मांजर, कुंड्या आणि तीन आठवड्यांपासून तुमच्याकडे मुक्कामाला असलेली व्यक्ती सुखरूप असावी. इकडे मी ठीक आहे. कालचा भात आज खातो, आजचा उद्या.

पत्रास कारण की गाडी. गुडघा वाकेना म्हणून तुमची ती लाल, दोन सीटची, जमिनीला टेकलेली गाडी तुम्ही आम्हाला दिलीत, तेव्हा मला अस्मान ठेंगणं झालं होतं. डांबरी रस्त्यावर ती लोण्यासारखी चालते, त्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्या घराकडे यायचा शेवटचा मैलभर रस्ता तुम्हाला ठाऊक आहे: निम्मी खडी, निम्मे खड्डे. त्या रस्त्याला लागली की गाडी शेजारच्या सीटच्या बाजूला ओढायची, खालून ठक्क आवाज यायचा आणि मी स्टिअरिंग उजवीकडे धरलं तरी आमचं नाक पानवाल्याच्या टपरीकडे वळायचं. (पानवाल्याने टपरी चार हात मागे घेतली आहे. नमस्कारही आता तो आतूनच करतो.)

आता, दादा, चाळीस वर्षं औषधाच्या दुकानात उभं राहिलेल्या माणसाला एक खोड लागते. समोरच्याने खोकायच्या आत हात बाटलीकडे जातो. मीही तसंच केलं. आधी टायरमध्ये हवा वाढवली, तर गाडी चेंडूसारखी उडायला लागली. मग कुणीतरी म्हणालं शॉकअप गेलेत, म्हणून चांगले कडक शॉकअप बसवले. त्याने एवढंच झालं की पूर्वी जो खड्डा कंबरेला कळायचा तो आता दाढेला कळायला लागला. मग स्टिअरिंग खोललं, मग पुढची चाकं मागे आणि मागची पुढे केली. आजार जिथल्या तिथे, औषधं मात्र चार झाली.

मग जे घडलं ते तुमच्या कानावर गेलंच असेल, पण माझ्या तोंडून ऐकलेलं नसेल. मी तुमच्या जुन्या मिस्त्रीकडे गाडी नेली. ही शेजारच्या सीटवर होती, मांडीवर भाजीची पिशवी. मिस्त्रीने विचारलं, कधीपासून ओढते? मी अगदी निदान झाल्याच्या थाटात म्हणालो, "गाडीत दोष नाही. वजन एका बाजूला पडतंय." गॅरेजमधली चार माणसं हसली. मीही हसलो, कारण विनोद माझाच होता. ही हसली नाही. दार उघडून उतरली, पिशवी घेतली आणि चालत घरी गेली. चौथ्या दिवशी तुमच्याकडे आली. जाताना फक्त दूध वर येतंय, लक्ष ठेवा, एवढं म्हणाली. (लक्ष ठेवलं नाही. पातेलं अजून घासतोय.)

परवा मिस्त्रीने गाडी उचलून खालून नीट पाहिली. त्या बाजूच्या चाकाच्या दांड्याला एक रबरी बुश असतो, माझ्या अंगठ्याएवढा. तो कधीचा विरून गेला होता. त्यामुळे खड्डा आला की दांडा हलायचा, ठक्क वाजायचा आणि चाक तोंड फिरवायचं. मिस्त्रीने त्याचा भुगा माझ्या तळहातावर ठेवला. एवढ्याशा रबराचं पाप मी एकतीस वर्षांच्या संसाराच्या माथी मारलं होतं. दादा, मला फार लाज वाटली. तिथेच स्टुलावर बसून राहिलो. मिस्त्रीने न विचारता चहा मागवला.

नवा बुश बसला, माझे कडक शॉकअप निघाले, हवा उतरली. राहिली चाकांची अलाइनमेंट. तेव्हा मिस्त्री म्हणाला की इतक्या हलक्या गाडीची चाकं तुम्ही नेहमी वहिनींना शेजारी बसवूनच लावून घ्यायचात, दोघांचं वजन धरून. मी एकटाच आहे म्हटल्यावर तो म्हणाला, हरकत नाही, तेवढ्या वजनाची वाळूची पोती ठेवू. बाईंचं वजन सांगा. आणि मला ते सांगता येईना. चार माणसांसमोर ज्या वजनाचा मी विनोद केला, ते किती आहे हे मला ठाऊकच नव्हतं. गाडी अजून गॅरेजमध्ये उभी आहे.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार, मांजराला आशीर्वाद.

तुमचा अपराधी मेहुणा

ता. क. तेवढं वजन विचारून कळवाल का? मिस्त्री खोळंबला आहे.

ता. क. दुसरा: नका विचारू. भलतंच लिहून गेलो. रबराचं तेवढं तिला सांगा.

ता. क. तिसरा: सांगायचीही गरज नाही. चाळीस वर्षं डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून माझं अक्षर असं झालंय की ते तिच्याशिवाय कुणालाही लागत नाही. म्हणजे हे पत्र तुम्हाला आत्ता तीच वाचून दाखवते आहे. अगं, इथून पुढचं मोठ्याने वाचू नकोस. मी चुकलो. मिस्त्रीला मी सांगितलंय, पोती नकोत, चाकं तशीच ठेव. रविवारी सकाळच्या बसने येतोय. आलीस तर दोघं बसने परत जाऊ, खिडकी तुझी. नाही आलीस तर पुढच्या रविवारी पुन्हा येईन.