आधी वास, मग हात

४ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
तुझ्या आत्याचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

फोन असताना आत्या कागद का काळे करतेय, असं वाटेल तुला. कारण असं, की तुझा फोन आला की दादा इस्त्री बाजूला ठेवून माझ्या कानाशी कान लावून उभा राहतो. स्वतः मात्र तुझ्याशी चकार शब्द बोलत नाही. वीस वर्षं आम्ही बहीणभाऊ एका लाँड्रीत राबतोय, पण त्याचा असा हेका मी कधी पाहिला नव्हता.

तू परदेशी गेलीस याचा त्याला राग नाही. काय शिकायला गेलीस, त्याचा आहे. माझी मुलगी इमारतींचे नकाशे काढणार, असं तो दोन वर्षं गिऱ्हाइकांना सांगत होता. आणि तू निघालीस ती लोकांनी संडासात सोडलेलं पाणी स्वच्छ कसं करायचं ते शिकायला! परवा बँकेतल्या मॅनेजरीणबाई कोट न्यायला आल्या. त्यांनी तुझी चौकशी केली, तर पाण्याचं काहीतरी शिकते म्हणाला. बाईंना वाटलं, जहाजांचं शिकतेस. याने खुशाल वाटू दिलं.

खरं सांगू का, ऐकून मलाही शिसारीच आली होती. पण तिकडे फी नाही, आणि इथल्या नकाशांच्या कॉलेजसाठी कर्ज काढावं लागलं असतं. कर्ज मी माझ्या घरात बघितलंय. तुझ्या आतेभावाने इथल्याच कॉलेजसाठी काढलं होतं. आज तो चौतिशीचा झाला, फरशांच्या दुकानात दिवसभर उभा असतो आणि अजून फेडतोच आहे. माझी सगळी साठवण त्यात गेली, म्हणून लाजेने तो माझा फोनही उचलत नाही. मुलगा असून नसल्यासारखा झालाय. तुझ्या त्या मैलापाण्यापेक्षा मला या कर्जाची किळस जास्त.

तो कर्जवाला अजून येतो. गुळगुळ्या नाव ठेवलंय मी त्याला. त्याचे हातसुद्धा तेल लावल्यासारखे असतात, पेला धरला की डाग राहतो. इथल्या कॉलेजने तुझी जागा एकतीस डिसेंबरपर्यंत धरून ठेवलीय, सही केली की पैसे तयार, तारण म्हणून फक्त लाँड्री, असं तो दर आठवड्याला सांगून जातो. दादा हो म्हणत नाही आणि हाकलूनही देत नाही.

तू कशी आहेस ते खरंखरं लिही. मला गोड बातम्या नकोत.

तुझ्यावर जीव असलेली,
आत्या

१९ ऑक्टोबर

ती. आत्यास,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

खरंखरं लिही म्हणालीस, तर वाच. जेवायच्या आधी मात्र वाचू नकोस.

आम्ही चौघी एका खोलीत राहतो. न्हाणीच्या जाळीत चौघींचे केस अडकतात, आणि ते काढायची पाळी कोणाची यावर चौघींचा अबोला चाललाय. फ्रिजमध्ये एक डबा आहे. तो कोणाचा ते कोणी सांगत नाही आणि झाकण उघडायची छाती कोणाला होत नाही. सकाळी मी एका इमारतीचे जिने पुसते, त्यात खोलीचं भाडं निघतं. कॉलेजला फी नाही, हे अगदी खरं. का नाही तेही कळलं. वर्गात खुर्च्या तीस आहेत आणि आम्ही अकरा. फुकट असूनही या विषयाकडे कोणी फिरकत नाही.

गेल्या आठवड्यात आम्हाला शहराच्या मैलापाणी केंद्रावर नेलं. पाणी आत येतं तिथे एक मोठी लोखंडी जाळी आहे. तिच्यात चिंध्या, केस, औषधांची पाकिटं, एक अख्खी कवळीसुद्धा अडकलेली होती. मी हौदाच्या कठड्यावर वाकून ओकले. तिथला जुना फिटर म्हणाला की काळजी करू नकोस, इथे काहीच वाया जात नाही. सगळे हसले, मीही हसले, आणि त्यानंतर दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

आत्या, हाताला वास राहतो गं. साबणाने जात नाही. कधी कधी वाटतं, बाबांचंच बरोबर होतं. आतेभाऊ निदान स्वच्छ शर्ट घालून उभा असतो. हे बाबांना सांगू नकोस, माझी शपथ आहे.

तुझी माया अशीच राहू दे.
तुझी,
भिंगरी

८ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

घाईत लिहितेय. घोटाळा झाला. तुझं पत्र मी इस्त्रीच्या टेबलावरच्या गादीखाली ठेवलं होतं. दादा ती गादी कधी उचलत नाही, पण नेमकी त्या दिवशी उचलली. सगळं पत्र वाचलं. दुपारी पेटी उघडून दुकानाचे कागद काढले आणि पुसून टेबलावर ठेवले. पोरगी तिकडे उपाशी राहून लोकांची घाण उपसणार असेल तर दुकान काय चाटायचंय, एवढंच म्हणाला. गुळगुळ्याला बावीस डिसेंबरला बोलावलंय.

मी भांडले, रडले, माझ्या मुलाचं उदाहरण दिलं. ढिम्म हलत नाही. आता तूच काय ते ठरव आणि त्यालाच लिही. यायचं असेल तर ये, मी तुला एका शब्दाने बोलणार नाही. पण त्या गुळगुळ्याच्या कागदावर दादाचं नाव बघायची वेळ आली, तर त्या दिवशी मलाही घास जायचा नाही.

तुझी,
आत्या

२७ नोव्हेंबर

ती. बाबांस,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही पत्र वाचलंत ते कळलं. मी बॅग भरली होती, हेही सांगून टाकते. मग गेल्या मंगळवारी जे झालं ते तुम्हालाच लिहायला हवं.

इथे घाण पाणी हौदात घेतात आणि त्यात जिवाणू वाढवतात. ते घाण खातात आणि पाणी निवळतं. मंगळवारी एक हौद मेला. जिवाणू सगळे खलास, वर करडा फेस. आमच्या बाईंनी नमुन्याची बाटली सगळ्यांपुढे धरली आणि काय झालं असेल ते विचारलं. यंत्राला सांगायला दोन दिवस लागणार होते. मास्क लावलेले सगळे दोन पावलं मागे सरले. मी मास्क काढला आणि वास घेतला. डागाला हात लावायच्या आधी वास घ्यायचा, हे तुम्हीच शिकवलंत ना मला, सात वर्षांची होते तेव्हा. त्या सगळ्या दुर्गंधीत एक गोडसर, डोक्यात चढणारा वास होता. मी म्हटलं, ही लाँड्री आहे. ड्रायक्लीनच्या औषधाचा गाळ आहे हा.

बाईंना पटेना. मग गटाराचं एकेक झाकण उघडत आम्ही वर वर गेलो आणि पाचव्या झाकणाशी वास संपला. शेजारी एक छोटी लाँड्री होती. मालक ओल्या हातांनी बाहेर आला. बोटांची टोकं तुमच्यासारखीच पांढरी पडलेली. आठवड्याला एखादा डबा ओततो, एवढ्याने काय होतंय, असं तो म्हणाला. सगळे त्याच्याकडे किळस आल्यासारखे बघत होते. बाईंनी माझी पाठ थोपटली.

बाबा, मला तेव्हा स्वतःची जेवढी किळस आली तेवढी त्या जाळीचीही आली नव्हती. आपल्या दुकानामागचं गटार आठवलं. दर शनिवारी तुम्ही डबा तिरका करायचात आणि नरसाळं मी धरायचे. सांडू नको हं, असं तुम्ही म्हणायचात, म्हणजे आपली फरशी खराब होऊ नये. ते गटार खालच्या आळीत विहिरीच्या अंगाने जातं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, तसं झालं माझं. जिने पुसते, केस उचलते, कवळी बघून ओकते, आणि सगळ्यांत घाण काम मी आपल्याच दारात, फ्रॉक घालून केलंय.

तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही, नरसाळं मीच धरलं होतं. पण सही करू नका. बॅग मी रिकामी केली. किळस अजून येते, रोज येते. तरी मी येत नाही.

राग धरा, पण लोभ सोडू नका.
तुमची,
भिंगरी

२३ डिसेंबर

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि फेकून दिलं. तुझ्या आत्याने उचललं नाही, म्हणून मलाच उचलावं लागलं.

मला माहीत नव्हतं, असं आधी लिहिलं होतं. ते खोडलं. माहीत होतं. सगळेच ओततात, एवढंही माहीत होतं, म्हणून चाललं. बोटभर पोरीने बापाला शिकवावं याची आधी चीड आली.

पत्र आलं त्या शनिवारी नेहमीसारखा डबा घेऊन मागे गेलो आणि ओतायच्या आधी वास घेतला. दुकान सुरू केल्यापासूनच्या सव्वीस वर्षांत त्या डब्याचा वास मी एकदाही घेतला नव्हता. ओळखीच्या डागाचा वास कोण घेतो. मग खालच्या आळीत जाऊन आलो. विहिरीवर एक बाई पाणी भरत होती. मॅनेजरीणबाईंच्या घरी काम करते, ओळखते मला. तिने मला प्यायला पाणी देऊ केलं. मी तहान नाही म्हणालो. घरी येताना माझी मलाच एवढी घाण वाटली की मी दुकान उघडलं नाही.

डबा कुठे द्यायचा ते विचारायला नगरपालिकेच्या कचेरीत गेलो. तिथला कारकून हसला आणि गटारात ओता म्हणाला.

काल गुळगुळ्या आला होता. त्याने पेन पुढे केलं. मुलगी परत येत नाही, असं मी सांगितलं. मग तिकडे काय शिकते, म्हणाला. त्याच वेळी मॅनेजरीणबाई पावती घेऊन उभ्या होत्या. दोघांना ऐकू जाईल असं सांगितलं, की माझी मुलगी गटार शिकते. बाईंनी नाक मुरडलं. मुरडू दे. कागद परत पेटीत ठेवले आहेत. तुझ्या आत्याने काल दोन वेळा जेवण वाढून घेतलं आणि लेकाला फोन लावला. त्याने उचलला नाही. ती उद्या पुन्हा लावणार आहे.

मागच्या पडवीतून तुझी सायकल बाहेर काढली. तिथे आता डबे ठेवतो, झाकणं घट्ट लावून, वर तारीख घालून. आतापर्यंत तीन झाले. तुझ्या शिक्षणाच्या तीन वर्षांत किती होतील याचा हिशोब तुझी आत्या करत बसली होती, तिला गप्प केलं. ते न्यायला इथे कोणी नाही, आणि त्याचं काय करायचं ते सांगणारंही कोणी नाही. तू शिकून ये. पण पडवी भरली म्हणून अर्धवट शिकून येऊ नकोस. भरली तर तुझी खोली आहे.

जेवत जा.

तुझे,
बाबा