आधी पाय बघ

आबा, काल शिरवळला जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला आज भाकरी गोड लागायची नाही, म्हणून सकाळीच कागद घेऊन बसलोय. तुम्ही जाऊन एक तप उलटलं, तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि जिथं गेलात तिथं टपाल जात नाही, हे सगळं मला कळतं. पण कालपासून पाय जमिनीवर ठरत नाहीत. तुमच्या सुनेला दोनदा सांगून झालं. तिसऱ्यांदा सुरुवात केल्यावर ती म्हणाली, "आता आबास्नीच सांगा जावा."

इस्लामपूरच्या ऑर्केस्ट्रात मी अजून बेस गिटारच वाजवतो. लग्नं, हळदी, यात्रा, कारखान्यांचे कार्यक्रम. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कुठल्या मैदानाची धूळ माझ्या अँपनं, म्हणजे आवाजाच्या खोक्यानं, खायची ठेवलेली नाही. गायकाबरोबर लोक फोटो काढतात, ढोलकीवाल्याला फेटा बांधतात, आणि मला येऊन विचारतात, "पाव्हणं, जेवान कुठं हाय?" त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण काल सकाळी टेम्पोत सामान चढवताना मालक, म्हणजे आमचा गायकच, माझ्यापेक्षा वयानं लहान, चाचरत म्हणाला, "दादा, राग मानू नका. पुढच्या महिन्यापासनं बेस बी लॅपटॉपवरच घ्यायचा म्हणतोय. तुमी साउंडचं बघा की." कीबोर्डवाला गेल्या वर्षी असाच गेला, आता त्याची सगळी वाजवणी लॅपटॉप करतो. वर म्हणाला, "आज स्टेज मोकळं दिसाय नको म्हणून हुबं ऱ्हावा, आवाज तेवढा बारीक ठिवा." शिरवळ येईपर्यंत मी टेम्पोत बेस मांडीवर घेऊन बसलो. बेस काढून घेतला तर माझ्याकडं दुसरं आहेच काय, आबा? तोच विचार डोक्यात फिरत होता.

आणि तुम्ही आठवत होता. सांगलीला कॉलेजात असताना मी हा जुना बेस विकत घेऊन घरी आणला तो दिवस. आई चुलीपुढं भाकरी थापतेय, तुम्ही मेंढरं वाड्यात कोंडून नुकते आत आलाय, आणि मी मोठ्या तोऱ्यात तार छेडतो. अँप नाही, मग आवाज कुठला? तुम्ही लाकडाला कान लावता. "मुकं हाय की रं हे. मारलं तरी आरडत न्हाई." मी हिरमुसतो. तुम्ही इकडंतिकडं बघता आणि म्हणता, "त्या डब्याला टेकीव बगू." मी बेसचं टोक पिठाच्या पत्र्याच्या डब्याला टेकवतो, तार छेडतो, आणि अख्खा डबा घुमतो. तुम्ही लहान पोरासारखे खिदळता. आई ओरडते, "आवं, पीठ सांडलं की समदं!" "सांडू दे," तुम्ही म्हणता, "जनावर बोललं." त्या दिवशी आपण सगळ्यांनी करपलेल्या भाकरी खाल्ल्या.

त्याच वर्षीच्या यात्रेत तुम्ही मला ढोल दिलात. देवळापुढं गजी नाचाचं रिंगण, हातात रुमाल घेतलेली म्हातारी माणसं सावकाश पावलं टाकत फिरतायत, आणि मी शहाणा, बोटं फार चालतात म्हणून ढोल पळवला. रिंगण विस्कटलं. तुम्ही सगळ्यांदेखत माझ्या हातातली काठी काढून घेतलीत. "घाई कुणाला हाय रं? तुला का त्येस्नी? आधी पाय बग. तोंडाकडं बगून वाजवायचं न्हाई, पाय सांगत्यात किती पळायचं ते." माझे कान तापले. घरी येऊन मी तोंड फिरवून झोपलो. सकाळी बघतो तर माझ्या बेसचा तुटका पट्टा काढून तुम्ही तुमच्या जुन्या ढोलाचा लोकरीचा पट्टा बांधलेला. तो अजून तोच आहे. उन्हाळ्यात मान खाजवून लाल होते, ऑर्केस्ट्रातली पोरं मला घोंगडीमास्तर म्हणतात, पण बदलला नाही.

तर शिरवळ. एका कंपनीचा मेळावा, कामगारांच्या घरच्यांसाठी, भर दुपारी. पुढं बायका-पोरं, आणि कडेला गावाकडनं आलेले आईबाप, त्यात आपल्या माणदेशातले तांबड्या फेट्याचे तिघंचौघं. तिसऱ्या गाण्याला तरणी पोरं उठली आणि ऐन रंगात लॅपटॉप बंद पडला. मालक माईक धरून तसाच उभा. ढोलकीवाला गांगरून थांबला. मैदान एकदम भुंडं झालं, आणि त्यात माझा बारीक आवाज तेवढा गुरगुरत राहिला. थांबायचं मला सुचलंच नाही. मोकळी तार वाजवत मी डाव्या हातानं अँपचं बटण पार शेवटपर्यंत पिळलं, आणि खाली पाय बघितले. पोरांचे पाय अडखळलेले. कडेच्या एका फेटेवाल्याचं पायताण मात्र हलत होतं. गाण्याच्या ठेक्यावर नाही, सावकाश, गजीच्या पावलावर.

मी तो पाय धरला, आबा. गाणं सोडलं आणि तुमच्या ढोलाची चाल बेसवर घेतली. घाई केली नाही. ढोलकीवाल्यानं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली, तो अलगद आत आला. फेटेवाले खुर्च्या सोडून उठले, खिशातनं रुमाल निघाले, रिंगण झालं. त्यांच्या मागं पोरं, पोरांच्या मागं सुना, आणि कंपनीचा साहेब गळ्यातलं ओळखपत्र रुमालासारखं फडकवत. मला हसू आवरेना. एवढा आनंद मला कधी झाला नव्हता, लग्नातसुद्धा नाही. हे तुमच्या सुनेला सांगितलेलं नाही. लॅपटॉप मधेच चालू झाला, तर मालकानं स्वतःच त्याचं झाकण मिटलं.

टाळ्या चालू असतानाच तो माझ्या कानाला लागला. "दादा, सकाळी टेम्पोपाशी बोललो ते इसरा. बेस तुमचाच. ही चाल आता दर कार्यक्रमाला पायजे. कुणाची वो?"

हे पत्र मी बेसच्या पिशवीत, जुन्या तारांच्या कप्प्यात ठेवणार आहे. तिथं दुसरं कुणी हात घालत नाही. पण तुमच्यापाशी खोटं नको. त्यानं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "माझी." तुमचं नाव ओठावर आलं होतं, आबा. घेतलं असतं तर मी स्टेजवरच रडलो असतो, आणि खाली म्हातारी माणसं रुमाल धरून पुढच्या गाण्यासाठी उभी होती.