उलटा प्लग

देवास, मंगळवार, भाद्रपद १९८१

इतकी वर्षं शोधत होतो तो बास गिटारचा आवाज आज सापडला. खोल, थेट पोटात उतरणारा. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या रमेशभियानं ॲम्प्लिफायरचा प्लग उलटा लावला आणि सगळी घरघर थांबली. पण आता तारांना हात लावला की झिणझिण्या येतात. भिया म्हणतो, "थोडा करंट तो लगेगा, यार." थोडा म्हणजे किती? उद्या सतवासच्या गणपतीत ओल्या मैदानावर वाजवायचंय, कोरस गाताना धातूच्या माइकला ओठ लावायचेत.

जेवताना हिनं विचारलं, "बोटं का चोळताय सारखी?" म्हटलं, नव्या तारा आहेत.

प्लग सरळ केला तर भीती जाईल, आवाजही जाईल. हिनं उद्यासाठी बूट पॉलिश करून ठेवलेत. मी गुपचूप रबरी चपला पिशवीत टाकल्या. म्हणजे प्लग सरळ करणार नाही, हे माझं ठरलेलंच दिसतंय.