बिनदरवाज्याची जीप

अनुप,

मी सकाळच्या गाडीनं तुह्या बहिणीच्या, संध्याच्या घरी अकोल्याले चाललो. भाकरी झाकून ठेवल्या हायेत.

टेबलावरची तू जोडलेली खेळण्यातली छोटी जीप पाहिली. एका डब्यातली बॉडी, दुसऱ्या डब्यातली चाकं, पण दिसते थेट आपलीच. फक्त डायवरच्या बाजूचा दरवाजा मी काढला, गोंद ओलाच होता. धारणीच्या रस्त्यानं सवाऱ्या ठासून भरल्या का मी अर्धा बाहेर बसून चालवत होतो. आपल्या जीपले तो दरवाजा कधी नव्हताच. तू परत चिकटवशील, म्हणून खिशात घालून नेतो.

मोठी जीप विकली तवा तू मले इचारलं नाही. ही कोणी मागितली, त पहिले मले फोन करजो.

— बाबा