पाचवी टाळी

कुमानो,
९ ऑक्टोबर २०१८

मित्सुए आत्यांना नमस्कार.

इकडे पहाटे गारवा पडू लागला आहे. अंगणातली पर्सिमनची फळं पिकली, ते आमच्याआधी कावळ्यांना कळलं. तुमच्या इझुमोला समुद्रावरचा वारा सुरू झाला असेल. तब्येत सांभाळा.

पत्र पाहून नवल वाटेल. मी कोतोए, तुमच्या योशिहिरोदादाची मुलगी. आपण दोनदाच भेटलो, त्यात एकदा माझ्या आईच्या अंत्यविधीला. बाबा घरजावई होऊन इथे आले, आडनाव बदललं आणि इझुमोचं घर तुटलं, एवढंच मला माहीत आहे. त्या जुन्या गोष्टीत शिरायचा माझा हेतू नाही.

बाबांना दीड वर्षापासून बरं नाही. चाल आखडली, अक्षर मुंगीएवढं झालं, चेहरा लाकडासारखा राहतो. गावच्या डॉक्टरांनी जूनमध्ये पार्किन्सन सांगितलं. "या रोगात गोळ्या लागू पडतात," ते म्हणाले. "दोनेक महिन्यांत फरक दिसेल." चार महिने झाले, फरक नाही. शेजारच्या कुरातानी आजोबांना हाच आजार, याच गोळ्या. त्यांचा हात पानासारखा थरथरायचा, आता ते परसात मुळे लावतात. बाबांचा हात तर मुळात थरथरतच नाही.

मला वाटलं, बाबा गोळ्या घेत नाहीत.

हे लिहिताना बरं वाटत नाही. पण मला शिकवलं त्यांनीच. शाळेत जाण्याआधी दोन वर्षं त्यांनी मला कामाच्या चटईवर समोर बसवलं, अक्षरं शिकवली आणि कुंचले करायलाही शिकवलं. पहिला धडा असा: बकरीच्या केसांचा झुबका घ्यायचा, चाळायचा आणि त्यात उलटा लागलेला केस सुरीच्या टोकाने ओढून काढायचा. "उलटा केस असतोच," बाबा म्हणायचे. "सापडला नाही, म्हणजे तू नीट पाहिलं नाहीस."

म्हणून मी बघते. गोळ्यांची रिकामी पाकिटं तपासते. गोळी गिळली की जीभ वर करायला लावते. एकदा बाबा म्हणाले, "कुंचले कशाला करतेस पोरी? पोलिसात जा. टोपी तरी मिळेल." मी हसले नाही.

ते पडतात. अडखळून पुढे नाही, तर सरळ मागे, तोडलेल्या झाडासारखे. दारू असेल म्हणून मी तोंडाचा वास घेतला. वास नव्हता. जेवताना भात छातीवर सांडतो आणि ते वाडग्याकडे बघतही नाहीत, समोर भिंतीकडे बघत जेवतात, जणू मी रांधलेलं बघण्याच्या लायकीचं नाही. कुंचला तपासायचा तर मान वाकवत नाहीत, तोच डोळ्यांसमोर उचलून धरतात. ऑगस्टमध्ये जिन्यावरून पडले. बरगडीला तडा गेला होता, आता ठीक आहे.

खरं विचारायचं ते वेगळंच. दर महिन्याच्या एक तारखेला आम्ही गावच्या देवळात जातो. दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, पुन्हा एकदा वाकायचं. लहान मूलही चुकत नाही. जुलैपासून बाबा दोनवर थांबत नाहीत. तुमच्या इझुमोच्या देवळात चार टाळ्यांची रीत आहे, हे मला ठाऊक आहे. तीस वर्षं आईच्या देवासमोर दोन वाजवल्या आणि आता आई नसताना चार. लोक बघतात. देवळापाशी चहाचं दुकान चालवणाऱ्या किमुरा काकू मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "घरजावयाला माहेरची ओढ लागली वाटतं."

त्यातच परवा त्यांच्या खणात तुमच्या अक्षरातली पाच पाकिटं दिसली. मी ती उघडली नाहीत. पण सरळ विचारते: तुम्ही त्यांना परत बोलावता आहात का? त्यांना जायचं असेल तर जावं. त्यासाठी आजाराचं सोंग कशाला?

उद्धटपणाबद्दल क्षमा करावी.

कोतोए


कुमानो,
२ नोव्हेंबर

आत्या,

तुमचं पत्र पोचलं. वाळवलेलं समुद्रशेवाळही पोचलं. बाबांनी पुडकं नाकाशी धरलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही.

"आत्याला अहो-जाहो कोण करतं गं? मी काय टपाल कचेरीतली बाई आहे?" अशी तुम्ही सुरुवातच रागावून केलीत. सवय व्हायला जरा वेळ द्या.

तुम्ही लिहिता की त्या पाच पत्रांत तुम्ही बाबांना बोलावलं नव्हतं, तर त्यांच्या एकाच प्रश्नाचं उत्तर पुन्हापुन्हा देत होता: "आपले वडील म्हातारपणी असे मागे पडायचे का?" म्हणजे ते घाबरले होते, आणि त्यांनी तुम्हाला विचारलं. मला नाही. समोरासमोर बसून आम्ही रोज आठ तास काम करतो.

आणि तुमच्या त्या ओळी. "आमची आई सांगायची, ज्या देवासमोर उभे आहात त्याची रीत पाळा. दादा दुसऱ्याच्या देवळात चार वाजवणार नाही. आणि चार म्हणजे चार. तू मोजल्यास का?"

मी मोजल्या नव्हत्या. गोळ्या मोजल्या, पाकिटं मोजली, टाळ्या नाही. दोनपेक्षा जास्त ऐकू आल्या आणि उरलेल्या मी माझ्या मनाने भरल्या.

काल एक तारीख होती. मोजल्या. सात.

तिसरीनंतर बाबांचं तोंड "बास" म्हणालं. हात चालूच राहिले. मी प्रथमच त्यांच्या हातांऐवजी चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा नेहमीसारखाच निश्चल होता, पण डोळे ताणून उघडलेले, आणि ते डोळे माझी मदत मागत होते. मी त्यांच्या दोन्ही हातांवर माझे हात ठेवले, तेव्हा ते थांबले.

बाहेर पडताना किमुरा काकू म्हणाल्या, "आज देवाला फारच उठवलंत."

बाबांची जीभ आता जड झाली आहे. दोन पावलं चालल्यावर उत्तर आलं, "म्हातारा आहे तो. ऐकू कमी येतं."

तसेच आम्ही गावच्या डॉक्टरांकडे गेलो. मी सगळं सांगितलं, मागे पडणं, भात, टाळ्या. त्यांनी जूनमधले कागद पुन्हा काढले. मग हिरोशिमाच्या मोठ्या इस्पितळासाठी चिठ्ठी लिहिली. म्हणाले, "हे आजार सख्ख्या भावंडांसारखे असतात. लहानपणी सगळे सारखे दिसतात. मोठे झाले की कळतं, कोण कोणता." त्यांच्यावर राग धरू नये, असं मी स्वतःला बजावते आहे.

एक राहिलं. बाबा जिन्यावरून पडले तेव्हा मी घरीच होते. मागच्या पत्रात ते लिहिलं नव्हतं.

कोतोए


कुमानो,
२६ नोव्हेंबर

आत्या,

आज तुला तू म्हणते. जे सांगायचं आहे ते अहो-जाहो करून सांगता येणार नाही.

हिरोशिमाच्या डॉक्टर सुगाई माझ्याहून फार मोठ्या नसतील. त्यांनी बाबांसमोर बोट धरलं, डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं. बाबांचे डोळे बोटामागे गेले. बोट खाली नेलं. डोळे जागच्या जागी. मग त्या बाबांना "माझ्या नाकाकडे बघा" म्हणाल्या आणि त्यांनी बाबांचं डोकं हातांत धरून हळूच मागे कलवलं. तेव्हा डोळे आपोआप खाली वळले. त्या मला म्हणाल्या, "डोळे धड आहेत. त्यांना खाली बघा म्हणून सांगणारी मेंदूतली जागा झिजते आहे."

म्हणजे ते भाताकडे दुर्लक्ष करत नव्हते. त्यांना भात दिसत नव्हता.

मग म्हणाल्या, "तीन टाळ्या वाजवा." मी डोळे मिटून मोजल्या. सहा. ही तपासणी डॉक्टर मुद्दाम करतात, आत्या. आमच्या देवळात ती चार महिने दर एक तारखेला होत होती.

डोक्याचा फोटो काढला, आणि मग हृदयाचाही. डोक्याच्या रोगाला हृदयाचा फोटो कशाला? ही माणसं काहीतरी लपवत आहेत, असं मला लगेच वाटलं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की पार्किन्सनमध्ये बहुतेक वेळा हृदयाकडे जाणाऱ्या नसाही विझतात आणि फोटोत हृदयाची जागा रिकामी दिसते. बाबांचं हृदय स्वच्छ उजळलं होतं. मी "वा, छान" म्हणाले. त्या म्हणाल्या, "म्हणजे हा पार्किन्सन नव्हे." तेव्हा समजलं.

आजाराचं नाव लांबलचक आहे, वेगळ्या कागदावर लिहून पाठवते. हे पार्किन्सनचं भावंड, पण स्वभावाने कठोर. माणूस लवकर पडू लागतो, आणि गोळ्या फारशा लागत नाहीत. बाबा त्या रोज गिळत होते, आत्या. एकही चुकवली नव्हती. पुढे गिळणंही अवघड होईल म्हणाल्या.

शेवटी त्यांनी विचारलं, "जिन्यावरून पडलात तेव्हा जवळ कोण होतं?"

बाबा म्हणाले, "कोणी नव्हतं."

आता ऐक. तो ऑगस्टमधला दिवस, दुपारची वेळ. वरून बाबा उतरत होते, मी जिन्याच्या तळाशी होते. खालून तिसऱ्या पायरीवर केसांच्या झुबक्यांची टोपली होती. मी ठेवली नव्हती. बाबाच सकाळी विसरले होते. ते समोर बघत, ताठ मानेने उतरत होते. हाक मारायला वेळ होता. टोपली उचलायला वेळ होता. माझ्या मनात आलं, बघू या. सोंग असेल तर ते टोपली ओलांडतील.

मी श्वास रोखून उभी राहिले. एवढंच केलं. एवढंच मी तीन महिने कोणाला सांगितलं नाही.

परतीच्या बसमध्ये मी म्हणाले, "बाबा, मी होते तिथे."

"माहीत आहे," ते म्हणाले. शब्द एकेक करून येत होते. "दिसली नाहीस. ऐकू आलीस. उलटा केस सापडायच्या आधी तू श्वास रोखतेस. लहानपणापासून."

"मग डॉक्टरांना खोटं का सांगितलंत?"

उत्तर पुरं व्हायला दोन थांबे लागले.

"शिकवताना अर्धंच शिकवलं मी," ते म्हणाले. "एखाद्या झुबक्यात नसतो उलटा केस. ते सांगायचं राहिलं."

आत्या, मी एवढा काळ त्यांचं एक खोटं शोधत होते. ते सापडलं, आणि ते माझ्यासाठी होतं.

आता मी जेवणाचं ताट ठोकळ्यांवर चढवून त्यांच्या नजरेसमोर ठेवते. कामाचा चौरंगही उंच केला. जिन्यावर काही ठेवत नाही, आणि उतरताना त्यांच्यापुढे एक पायरी मी असते.

त्यांना एकदा इझुमोला यायचं आहे. त्यांनी म्हटलं नाही, पण तुझं शेवाळ संपल्यावरही त्याचा कागद त्यांनी टाकू दिला नाही. या महिन्यात रीतीप्रमाणे देशभरचे देव वर्षाच्या सभेला तुमच्याकडे जमले होते, ते आता परतले असतील. गर्दी ओसरली की डिसेंबरात आम्ही येऊ का? तीस वर्षांपूर्वी बंद झालेलं दार तू उघडशील का, हे विचारते. या वेळी प्रश्नात दुसरं काही नाही.

तिथल्या देवासमोर चार टाळ्या त्यांच्या हक्काच्या आहेत. त्या त्यांनी पुऱ्या वाजवाव्यात. पाचवीच्या आधी मी एक हात धरीन. दुसरा तू धरशील तर बरं.

टोपली न उचललेली
तुझी भाची,
कोतोए