ठिपक्यामागची फाइल

३, सोमवार. सकाळी १०.१५

ऑफिसात नवीन मशीन आलं. नदीच्या पाणीपातळीच्या सगळ्या नोंदी आता त्यात. काळा पडदा, पांढरी अक्षरं. माउस नाही, चित्रं नाहीत. आपण हुकूम टाइप करायचा, त्याने ऐकायचं. लॉगिन सगळ्यांचं एकच, फोल्डर ज्याचं त्याचं.

मशीनपाठोपाठ मेव्हणी आली. बायकोची धाकटी बहीण. बदली होऊन, नेमकी याच विभागात. कोंबडी दाणे टिपते तशी दोन बोटांनी टाइप करते. ls टाइप केलं, फायलींची यादी समोर. साहेब म्हणाले, वा.

मी अठरा वर्षं इथे आहे. मला कोणी वा म्हटल्याचं आठवत नाही.

या महिन्यात विभागप्रमुख नेमणार. जो मशीन सांभाळेल तो. म्हणजे प्रश्नच नाही.

दुपारी ४

मॅन्युअल मिळवलं. पान सात : नावाआधी ठिपका दिला की फाइल यादीत दिसत नाही. ही रोजनिशी ताबडतोब ठिपक्यामागे हलवली. आता मनातलं लिहायला हरकत नाही. घरचं दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन इथे उतरवायचं.

मेव्हणी आगाऊ आहे.

संकल्प : रोज पाच कमांड.

४, मंगळवार

पाचांपैकी एक झाली. cd. फोल्डरच्या आत नेते. गेलो. बाहेर यायचं कसं ते पुढच्या पानावर होतं आणि त्या पानावर माझाच चहा सांडला होता. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आतच. शेवटी शिपाई म्हणाला, cd लिहून पुढे दोन ठिपके द्या की. तुला कोणी सांगितलं, विचारलं. ताईंनी, म्हणाला.

शिपायाला शिकवते. मला नाही.

(विचारलं होतं तिने. भाऊजी, दाखवू का? पण सगळ्यांसमोर.)

६, गुरुवार

pwd. याचा अर्थ, मी आत्ता कुठे आहे? अठरा वर्षं एका खुर्चीवर बसलेल्या माणसाने हे मशीनला विचारायचं. नवशिक्यांची कमांड. वगळली.

रात्री सासूबाईंचा फोन. धाकटीचं कौतुक सतरा मिनिटं. मग, जावईबापू बरे आहेत ना?

बायको म्हणाली, अहो, तिला विचारा ना, जीभ झिजेल का? मी म्हटलं, त्या मशीनची पद्धतच चुकीची आहे. हो, म्हणाली, अंगण वाकडं.

१०, सोमवार

सगळे चहाला गेल्यावर मशीनपाशी बसलो. टाइप केलं, मेव्हणीला काही येत नाही. उत्तर आलं, command not found. आणखी तीन वाक्यं लिहिली. तीही त्याला पटली नाहीत. मशीन तिच्या बाजूचं आहे.

मग clear. पडदा धुतल्यासारखा. केलेलं सगळं नाहीसं. आजवरची सर्वांत कामाची कमांड. पुढचं पान वाचायची गरज वाटली नाही.

१३, गुरुवार

तिने पुराच्या पातळ्यांचा तक्ता केलाय. तिच्या फोल्डरमध्ये आहे. पुढच्या शुक्रवारी साहेबांना दाखवणार. त्यानंतर साहेब माझ्या अठरा वर्षांच्या नोंदी पाहणार. एकेक आकडा मी स्वतः भरलेला. माझं पारडं जड आहे.

तरी तक्ता नसता तर आणखी जड.

मी जळत नाही. कोणाला पाण्यात पाहत नाही. पाणी पाहणं नोकरीचा भाग आहे.

१७, सोमवार

साहेब आज तिला म्हणाले, तुम्ही आल्यापासून ऑफिसला जाग आली. मग मी काय झोपलो होतो?

मॅन्युअल पान बावीस. rm. पुसून टाकते. पानाला घडी घालून ठेवली. सहज.

२०, गुरुवार. संध्याकाळी ५.१०

सगळे गेले. cd आणि पुढे तिच्या फोल्डरचं नाव. मशीन इंग्रजीत काहीतरी पुटपुटलं. clear. मग rm -r *. चांदणी म्हणजे सगळं. खात्री आहे का वगैरे भोचकपणा नाही. समजूतदार मशीन. पुन्हा clear.

शीळ घालत घरी. बायकोने कपाळाला हात लावून पाहिला.

२१, शुक्रवार

तक्ता उघडला. जसाच्या तसा. साहेब दोनदा वा म्हणाले.

मग माझं फोल्डर. ls. काही नाही. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मशीनकडे. मेव्हणीने ls -a केलं. हे ठिपकेवाल्या फायलीही दाखवतं. पान आठ.

एकच ओळ आली. .majhi_rojnishi

चांदणी ठिपकेवाल्यांना हात लावत नाही म्हणे. पान तेवीस. अठरा वर्षं गेली. ही राहिली.

साहेब चष्मा शोधत होते. तिने वरचा बाण दाबला. मी काल लिहिलेल्या ओळी एकेक करून परत येऊ लागल्या. clear. rm -r *. clear. cd, आणि तिचं नाव, एक अक्षर चुकलेलं. म्हणजे मी माझ्या फोल्डरमधून हललोच नव्हतो. clear फक्त पडदा पुसतं.

चष्मा सापडला. साहेब म्हणाले, काय झालंय? तोवर तिने पडदा कोरा केला होता. मशीनची असते एकेक खोड, म्हणाली. मी निघताना रोज सगळ्यांच्या फोल्डरची कॉपी ठेवते. सोमवारी देते भाऊजींना.

२३, रविवार

मेव्हणी जेवायला आली. बायकोच्या कानात एकदा काहीतरी सांगितलं. दोघी हसल्या. भाजीबद्दल असेल.

मला भूक नव्हती.

२४, सोमवार

विभागप्रमुखाच्या दारावर तिच्या नावाची पाटी लागली. शिपाई ठोकत होता. स्टूल मी धरलं.

जाता जाता म्हणाली, भाऊजी, कोंबडीने दाणे परत आणून ठेवलेत. मोजून घ्या.

मशीनपाशी गेलो. आधी pwd टाइप केलं. मग मोजले.

सगळे होते.