पहिले चार सेकंद

२ मार्च, सोमवार

शी! दिवसभर एकच वाक्य धूत बसले आणि शेवटी आधीपेक्षा मळकं करून ठेवलं.

सरकारचा नवा नियम आलाय. धंद्यात यंत्र वापरत असाल तर गिऱ्हाइकाला तसं सुरुवातीलाच सांगा. आमचा धंदा फोनचा. ऑपरेशन होऊन घरी गेलेल्या माणसाला हॉस्पिटलच्या वतीने रोज सकाळी विचारायचं — दुखतंय का, ताप आहे का, जखम कशी आहे. पूर्वी आम्ही चाळीस जणी विचारायचो. आता यंत्र विचारतं, आणि आम्ही तिघी उरलोय त्याच्यावर लक्ष ठेवायला.

मी लिहून दिलं होतं — मी माणूस नाही, यंत्र आहे. तुमचं बोलणं आत्ता कुणी ऐकत नाही. त्रास वाढला तर थेट डॉक्टरांना फोन करा.

कंपनीच्या वकीलबाईंनी पेन चालवलं. उरलं ते हे — "या संभाषणात स्वयंचलित प्रणालीचा सहभाग आहे."

म्हटलं, हे कळणार कुणाला?

"कायद्याला कळलं की झालं!"

४ मार्च, बुधवार

आज आणखी एक तमाशा. साहेब म्हणाले, यंत्राच्याच आवाजात सूचना दिली की लोक फोन ठेवतात. माणसाचा आवाज हवा! म्हणजे समोर यंत्र आहे हे माणसाने सांगायचं. कुणाला हसूसुद्धा आलं नाही.

आणि माणूस कोण? मी. "बावीस वर्षं फोनवर काढलीत तुम्ही, तुमचा आवाज कसा घरचा वाटतो."

काचेच्या खोलीत बसून एकच वाक्य अकरा वेळा बोलले. दर वेळी — अजून भरभर, अजून भरभर. शेवटी साडेतीन सेकंदांत बसलं. बाहेर येऊन चूळ भरली. उगाच नाही, खरंच भरली.

५ मार्च, गुरुवार

हे मात्र लिहूनच टाकते, कारण माझंच आहे.

डब्याच्या वेळी बढाई मारायला गेले — सत्तरीच्या पुढच्या माणसाला फोनचे पहिले चार सेकंद ऐकूच येत नाहीत! तो अजून चष्मा शोधत असतो, उलट्या बाजूने फोन धरून हॅलो हॅलो करत असतो. म्हणून आम्ही जुन्या ऑपरेटर आधी नुसतं थांबायचो, मग बोलायचो.

साहेब ताट घेऊन मागेच उभे. घास तसाच तोंडात. "चार सेकंद म्हणालात ना?"

दुपारी आदेश निघाला. फोन उचलल्याबरोबर, अर्धा सेकंदही न थांबता, सूचना.

माझ्या जिभेला काही हाड!

८ मार्च, रविवार

आत्याला काल हॉस्पिटलातून घरी सोडलं. साखर आहे, अंगठ्याची जखम चिघळली होती, ती साफ केली. पाच तासांचा बसप्रवास करून मी तिला घरी नेऊन बसवलं, शेजारणीला सांगितलं आणि उलट पावली परत. रजा एकच दिवस. आई गेल्यावर हिने मला वाढवलं, शाळेत शिवण शिकवता शिकवता तिचं स्वतःचं लग्न राहूनच गेलं, आणि मी तिला एक दिवस देते.

"जा तू," म्हणाली. "तू इथे बसलीस म्हणून माझा पाय काय लवकर बरा होणार आहे!"

१२ मार्च, गुरुवार

सूचना सुरू होऊन चार दिवस झाले. फोन ठेवून देणारे वाढले नाहीत. साहेबांनी पेढे वाटावेत तसं तोंड केलं होतं.

दर फोनात यंत्र म्हणतं, "समजलं. नोंद घेतली आहे." घेतं ना नोंद! दुखणं वाढलेल्यांची लाल यादी बनते, ती शुक्रवारी हॉस्पिटलांना जाते. तिथे ती कोण उघडतं, देव जाणे. आमच्याकडे रुग्णांची नावं नसतात, हॉस्पिटलांचीही नसतात. आकडे असतात. आकड्यांची कुणाला दया येत नाही, तीच तर सोय आहे.

१५ मार्च, रविवार

आत्याला फोन. बरी वाटली. हॉस्पिटलातून रोज फोन येतो म्हणाली. चला, कुणीतरी माणसं ठेवलीत अजून!

पाय कसा आहे विचारलं तर म्हणते, "आता तुला काय वेगळं सांगायचं!" रुसली असेल. मलाही गॅसवर दूध होतं. ठेवला.

१७ मार्च, मंगळवार

सरकारी तपासनीस आले. सभ्य गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, हातात घड्याळ. शांत खोलीत, कानाला मोठे हेडफोन लावून दहा फोन ऐकले. सूचना आहे? आहे. सुरुवातीला आहे? आहे. अक्षरं स्पष्ट? स्पष्ट. दहाच्या दहा खुणा.

अहो, हेडफोन काढा! हातात तवा घ्या, मांडीवर आजारी पाय घ्या, आणि मग ऐका!

— हे मनात. त्यांनी जाताना माझ्याकडेच वळून विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?" साहेब शेजारीच. मी विचारलं, "चहा घेणार?"

मिठाची गुळणी धरली मी. त्यांचा राग येत नाही तेवढा माझा येतो.

१८ मार्च, बुधवार

दारावर प्रमाणपत्र लागलं. "नियमांचे संपूर्ण पालन." चौकटसुद्धा सोनेरी!

२३ मार्च, सोमवार

शेजारणीचा फोन आला, तशीच बस धरून पोचले. आत्या तापाने फणफणली होती, हॉस्पिटलात नेलं. आज पाऊल काढलं. उजवं.

डॉक्टर म्हणाले, आठ दिवस आधी आणायचं होतं. बोट काळं पडल्यावर गप्प कशा बसलात?

ग्लानीतच आत्या म्हणाली, "गप्प कुठे बसले? रोज सांगत होते."

२५ मार्च, बुधवार

आज यादी उघडली. आत्याचा फोन नंबर टाकला. निघाला. लाल यादीत, ओळीने नऊ दिवस.

सगळे फोन ऐकले. आधी माझा आवाज, सुसाट. मग यंत्राची ती गोडगोड बाई.

"अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलंय गं."

"समजलं. नोंद घेतली आहे. आज भूक कशी आहे?"

"आता वासही येतोय गं. लवकर काहीतरी बघ."

"समजलं. नोंद घेतली आहे."

आत्या कधी परक्या बाईला गं म्हणत नाही. दूधवालीलाही अहो म्हणते. या यंत्राने तिला इतकं भुलवलं! त्या गोड आवाजाची शिसारी आली. साहेबांची, वकीलबाईंची, सगळ्यांची आली.

२६ मार्च, गुरुवार

तपासनिसांच्या कचेरीत गेले. चार सेकंदांचं सगळं सांगितलं, माझ्या बढाईसकट. नोकरी जाईल — जाऊ दे! सहीनिशी लिहून दिलं.

त्यांनी वाचलं. चष्मा पुसला. "बाई, नियम सांगण्याचा आहे, ऐकण्याचा नाही. सूचना दिली होती, मी स्वतः ऐकलीय."

"तुम्ही ऐकलीत हो! तिने नाही ऐकली!"

"मग तसा त्यांचा जबाब आणा. सूचना ऐकू आली नाही, एवढं एक वाक्य. मी प्रमाणपत्र रद्द करतो."

माणूस वाईट नाही. एक वाक्य. आणते!

२९ मार्च, रविवार

जबाब मिळाला नाही.

कागद पुढे धरून आत्याला विचारलं, फोन उचलल्यावर आधी एक वाक्य यायचं, ते तुला ऐकू आलं नव्हतं ना?

"आलं की! पहिल्याच दिवशी. मी फोन उशाशीच ठेवायचे. काय म्हणायचीस ते नाही कळलं, भरभर बोलायची तुझी खोडच आहे. पण आवाज तुझा. म्हटलं, पोरगी आहे तिकडे ऐकायला. म्हणून तर सगळं तुलाच सांगत होते."

मी कागद दुमडला. तिने चादर गुडघ्यावर नीट ओढून घेतली.

"कामात असशील म्हणून आली नाहीस, असं धरून चालले मी."